निरोगी माणसांत मी नापास झाले

ती. दादांच्या चरणी धाकटीचा साष्टांग नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे सगळे सुखरूप आहेत (‘सगळे’ म्हणजे कोण, ते पुढे येईलच). जिना चढताना तुम्ही मध्येच थांबता, असं वहिनींनी कळवलंय. विचारलं की ‘देखावा बघतोय’ म्हणता म्हणे. जिन्यात कसला देखावा असतो, ते कळवावे.

पत्रास कारण तुमची भाची. शरीर कसं चालतं याचं संशोधन करता करता तिची चाळिशी आली, पण नोकरी अजून वर्षाच्या बोलीवर. (शिक्षणाची जमा बाजू पानभर, कायम नोकरीच्या रकान्यात शून्य. शेजारीण विचारते, “झाली का पर्मनंट?” मी म्हणते, “हृदयाचं काम आहे बाई, घाईत होत नाही.”) साठीपुढच्या निरोगी माणसांच्या हृदयाची तपासणी पुरी झाली, तरच मोठे सर तिची मुदत वाढवणार होते, आणि नेमकं एक माणूस कमी पडत होतं. पहाटे नामस्मरण, तेल मोजूनमापून, दुखणं कधी ठाऊक नाही. माझ्याहून निरोगी कोण? गेले.

खोलीत जमिनीला खिळलेली सायकल होती. छातीला तारा लावल्या, तोंडाला मुखवटा (ह्यांनी तो आठवडाभर घरी मागितला). इतके पाय मारायचे आणि जायचं कुठेच नाही! तिला जातं जोडलं तर महिन्याचं दळण निघेल, असं सुचवणार होते, पण तोंड बंद. पोर पडद्यावरच्या रेघेकडे बघत होती. एकाएकी म्हणाली, “आई, उतर.” मी मानेनेच नाही म्हटलं, काम अर्धवट टाकायची सवय नाही आपल्याला. “उतर म्हणते ना!” ती लहानपणी विस्तवाकडे गेली की मी ओरडायची, तोच आवाज.

हृदयाची भिंत जाड झालीय म्हणे. मॅट्रिक पहिल्या फटक्यात पास झालेली मी, ह्या परीक्षेत नापास! गोळ्या सुरू आहेत, काळजी नसावी. वडील कसे गेले, असं डॉक्टरांनी विचारलं. म्हटलं, चपला घालायला वाकले ते उठलेच नाहीत, पन्नाशीही गाठली नव्हती. देवाने बोलावलं, असंच आम्ही समजलो. पोरीने मान खाली घातली. (इतकी वर्षं परक्यांची हृदयं तपासली, घरचं राहून गेलं, हे तिच्या मनात. मी म्हटलं, देवाने तुला एवढं शिकवलं ते उगाच का?)

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची धाकटी

ता. क. – माझी जागा रिकामी झाली आहे. भाचीच्या नोकरीसाठी ती तुम्ही येऊन भरावी. मामा नाही म्हणणार नाही, असं तिला सांगून बसले आहे. तिकीट आजच काढावे.

आणखी एक (तिकीट काढल्यावरच वाचावे) – ती जागा ह्यांनी कधीच भरली. पास झाले, आणि तेव्हापासून घरभर ‘निरोगी’ म्हणून मिरवताहेत. भाचीची मुदतही वाढली. खोटं लिहून देवापुढे बसवेना. दादा, हे दुखणं घराण्यातून येतं, भावंडांनी तपासून घ्यावं असं डॉक्टरांनी बजावलंय. स्वतःच्या हृदयासाठी तुम्ही घराबाहेर पडला नसतात, म्हणून भाचीला पुढे केलं. या. जिना आमच्याकडेही आहे. मधल्या पायरीवर हल्ली मीही थांबते. देखावा बघायला सोबत होईल.