पळपुट्या

४ फेब्रुवारी

तो निवृत्त होतोय. सकाळी सव्वादहाला बातमी आली. मी एका आजोबांना छातीच्या एक्स-रेसाठी उभं केलं होतं. श्वास घ्या, रोखून धरा, असं म्हणतेय तोच बाहेरून मलमपट्टी करणारा ड्रेसर ओरडला — "गेला एकदाचा पळपुट्या!" आजोबांनी श्वास सोडला. फोटो हलला. दुसऱ्यांदा काढावा लागला.

दिवसभर दुसरा विषय नाही. एकूण एकोणीस वर्षं बास्केटबॉल खेळला. दोनदा करंडक आणून दिला. मग आपला क्लब सोडून थेट वैऱ्यांच्या क्लबात गेला. आणि आता म्हणे शेवटचा सामना इथेच, आपल्या कोर्टवर खेळणार. अर्धे लोक त्याला कप्तान म्हणतात, अर्धे पळपुट्या. मधलं कोणीच नाही.

घरी आले तर बाबा टीव्हीसमोर. "बघ, पळाला शेवटी," म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. आमच्या दोघांची जुनी गंमत असल्यासारखे. तशी ती आहेच म्हणा.

डोकं दुखतंय सांगून जेवले नाही.

५ फेब्रुवारी

काल जे लिहायचं होतं ते सोडून बाकी सगळं लिहिलं. वहीपासूनही लपवायचं म्हणजे कमालच झाली.

७ फेब्रुवारी

आज रविवार. दादा-वहिनी बाहेर गेलेत, बाबा झोपलेत. लिहूनच टाकते.

नऊ वर्षांपूर्वी. फायनलचा आदला दिवस, दुपारचे तीन. ओपीडी संपली होती. संघाचे डॉक्टर त्याला मागच्या दाराने घेऊन आले. एका पायात बूट, दुसऱ्यात साधी चप्पल. एवढा मोठा माणूस, आमच्या टेबलावर मावेना. पाय बाहेर लोंबत होते, म्हणून मी खाली स्टूल सरकवलं, तर म्हणाला, "माझ्यामुळे सगळीकडे फर्निचर हलवावं लागतं." मी हसले. डावा पाय, करंगळीच्या मागचं लांब हाड. फोटो स्क्रीनवर आला. आरपार रेघ. शिकाऊ पोरीलाही दिसली असती.

"दिसतंय काही?" त्याने विचारलं. आम्ही पेशंटला सांगायचं नसतं. डॉक्टर सांगतील, असं मी म्हणाले. तो म्हणाला, "तुमच्या चेहऱ्याने सांगितलं." मग म्हणाला, "हे बाहेर जाऊ देऊ नका, ताई. समोरच्यांना कळलं तर सगळे पायावरच येतील." मी म्हणाले, इथून बाहेर काही जात नाही. ते खरंही होतं. माझ्या नोकरीत ते शिकवावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तो साडेतीन क्वार्टर खेळला. त्या पायावर! आमच्या घरी वीस-बावीस माणसं जमली होती. आई जाऊन सहा महिने झाले होते आणि घरात पहिल्यांदाच इतकी माणसं. बाबांनीच बोलावलेली. चौथ्या क्वार्टरला पाच मिनिटं उरली असताना तो स्वतः हात वर करून बाहेर गेला. चालत. जराही न लंगडता. बेंचवर जाऊन टॉवेल डोक्यावर घेतला. आपण दोन गुणांनी हरलो.

मग शेजारचे वकील माझ्याकडे वळले. "तू हॉस्पिटलात असतेस. काही कानावर आलं का? दुखापत वगैरे?" सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो म्हणाला होता ना, तुमचा चेहरा सांगतो — तेच डोक्यात आलं. घाबरले. चेहरा लपवायला काहीतरी बोलायलाच हवं होतं आणि मी बोलले, "कसली दुखापत? पळपुट्या आहे नुसता."

हशा पिकला. आणि बाबा हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग मी ते पुन्हा म्हणाले. त्यांच्यासाठी. टॉवेल डोक्यावर घेऊन नक्कलही केली.

दादाने तो शब्द चाहत्यांच्या ग्रुपवर टाकला. आठवड्यात तो फलकांवर आला. महिन्यात त्याच्या घराच्या भिंतीवर. वर्षभराने तो क्लब सोडून गेला. तेव्हा सगळे म्हणाले, बघा, नाव सार्थ केलं.

गप्प राहणं माझं कामच होतं. पण गप्प कुठे राहिले?

८ फेब्रुवारी

काल एक गोष्ट राहिली. तीच सगळ्यांत वाईट, म्हणून राहिली असणार.

त्या दिवशी खोलीत एकच माणूस हसला नव्हता. मास्तरकाका. बाबा बस डेपोत फोरमन होते, तेव्हापासून गणवेश शिवणारे टेलर मास्तर. दोघांची बावीस वर्षांची दोस्ती. एकही सामना एकमेकांशिवाय पाहिला नाही. मास्तरकाका एवढंच म्हणाले, "फोरमन, असा माणूस आपणहून उठून बसतो तेव्हा काहीतरी कारण असतं. पोरीने थट्टा केली ती केली, आपण म्हाताऱ्यांनी करू नये." बाबा भडकले. बोलाचाली वाढत गेली. शेवटी बाबा म्हणाले, त्या पळपुट्याचा एवढा पुळका असेल तर माझ्या घरात बसू नका. मास्तरकाकांनी चपला घातल्या आणि गेले.

मी दारातच उभी होते. एक वाक्य पुरलं असतं — बाबा, ते बरोबर बोलतायत. कारण सांगायचीही गरज नव्हती.

नऊ वर्षं.

११ फेब्रुवारी

चहाच्या सुट्टीत ड्रेसर विरुद्ध लॅबवाली. ड्रेसरला सगळे आकडे पाठ. किती वेळा पास दिला नाही, किती वेळा प्रशिक्षकाशी भांडला, पत्रकारांना किती वेळा अर्ध्यात सोडून उठला. लॅबवाली म्हणाली, इतकी वर्षं त्याच्या जिवावर मिरवलात, तेव्हा आकडे कुठे होते? ड्रेसर म्हणाला, मोठा खेळाडू होता, मी नाही म्हणत नाही, पण काळीज सशाचं. त्या फायनलला दिसलंच.

नवी शिकाऊ मुलगी माझ्याकडे वळली. "ताई, तुम्हाला काय वाटतं?"

मला खेळातलं काही कळत नाही म्हणाले. कप विसळायला उठले. कप आधीच विसळलेला होता.

१४ फेब्रुवारी

त्याला पत्र लिहायला बसले. 'आदरणीय' लिहिलं. मग खोडलं. ज्याला पळपुट्या म्हटलं त्याला आदरणीय म्हणायचं? बिनमायन्याचंही लिहून पाहिलं. चार कागद गेले. प्रत्येकात शेवटी मीच बिचारी ठरत होते.

१७ फेब्रुवारी

मास्तरकाकांच्या दुकानात गेले. कोटाचा खिसा उसवला होता हे खरं. तो घरी शिवता आला असता हेही खरं.

म्हातारे झालेत. सुई डोळ्यांपासून हातभर लांब धरून ओवतात. मी ओवून देते म्हणाले, तर म्हणे, "नको, मग सवय लागेल." खिसा शिवता शिवता त्यांनी बाबांच्या गुडघ्यांची चौकशी केली. जिने चढतो का, साखर तपासतो का. मग ड्रॉवर उघडून निरोपाच्या सामन्याची तिकिटं दाखवली. दोन.

दुसरं कोणाचं, मी विचारलं. विचारायला नको होतं.

"कोणाचं नाही," म्हणाले. "दरवेळी दोनच काढतो. एक मागायला जीभ वळत नाही. शेजारची खुर्ची रिकामी राहते, कोट ठेवायला बरी पडते."

बाहेर पडले आणि वळणापर्यंत नीट चालले. पुढचं आठवत नाही.

१९ फेब्रुवारी

आमच्या मोठ्या डॉक्टरबाईंना आडून विचारलं. एखाद्या पेशंटची जुनी बाब सांगितल्याने त्याचंच भलं होणार असेल तर? त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "भलं कशात आहे ते त्याने ठरवायचं. तो मेला तरी आपण बोलायचं नाही."

म्हणजे हाडाबद्दल बोलता येणार नाही. पण माझ्या तोंडून जे निघालं ते माझं आहे. ते सांगायला कोणाच्या परवानगीची गरज नाही. नऊ वर्षं मी नियमाच्या पदराआड उभी होते. पदर मोठा होता, मीच लहान होते.

वाक्य बरं जमलंय. बरं जमलेलं वाक्य पाहूनही लाज वाटते.

२१ फेब्रुवारी

बाबांना सांगितलं.

दुपारी ते बाल्कनीत पेपर वाचत बसले होते. पहिल्या पानावर तोच. मी समोर स्टुलावर बसले आणि म्हणाले, बाबा, मी त्या दिवशी त्याला जे म्हणाले ते खोटं होतं. म्हणाले तेव्हाच मला ते माहीत होतं.

"माहीत होतं म्हणजे?"

ते विचारू नका म्हणाले.

त्यांनी पेपरची घडी घातली. माझ्या हाताकडे बघत राहिले. फोरमन होते ते, नुसत्या आवाजावरून गाडीत काय बिघडलंय ते ओळखायचे. ओळखलं असणार. मग विचारलं, "मग म्हणालीस कशाला?"

मी म्हणाले, आधी घाबरून. मग तुम्ही हसलात म्हणून. आई गेल्यापासून तुम्ही हसलाच नव्हतात.

वाटलं होतं, जवळ घेतील. खरंच वाटलं होतं. काय काय वाटतं माणसाला!

"ते माझ्यावर ढकलू नकोस," बाबा म्हणाले. आवाज चढवला नाही. "मी हसलो ते तुझ्यावर विश्वास ठेवून. आणि त्याच विश्वासावर मास्तरला घराबाहेर काढलं."

उठून आत गेले. दार लावलं नाही. लावलं असतं तर बरं वाटलं असतं.

२३ फेब्रुवारी

बाबा बोलत नाहीत. मीठ दे, पंखा लाव, एवढंच. वहिनी दोनदा विचारून गेली, काय झालंय दोघांना. काही नाही म्हणाले. खोटं बोलायला किती कमी शब्द लागतात.

२५ फेब्रुवारी

संध्याकाळी कामावरून आले तर बाबा घरात नाहीत. सातला आले. हातात पिशवी, पिशवीत त्यांची जुनी राखाडी पँट. खुर्चीत बसले आणि आपणहून बोलायला लागले. माझ्याकडे न बघता, पण माझ्याशीच.

मास्तरच्या दुकानात गेले होते. काय बोलायचं ते वाटभर ठरवलं होतं, दारात पोचल्यावर सगळं पळालं. मग पँट पुढे केली, म्हणाले, कमरेत ढिली झालीय. मास्तरने गळ्यातली टेप काढली, माप घेतलं. म्हणाला, "फोरमन, दोन इंच कमी झालायस. जेवत नाहीस का?" बाबा म्हणाले, "माझी चूक झाली." मास्तर म्हणाला, "हात वर कर, माप चुकतंय."

एवढं सांगून बाबांनी मग चहा मागितला. मी केला. साखर जास्त पडली, तरी पूर्ण कप प्यायले.

माझं नाव त्यांनी तिथे काढलं नाही. "ते तुझं तू सांगायचं," म्हणाले.

२७ फेब्रुवारी

ठरलं. उद्या घरी टीव्हीवर सामना झाला की दादाला सांगणार, सगळ्यांसमोर. वकील असतील, वहिनी असेल, त्या दिवशीचे बहुतेक सगळे असतील. हाडाचं नाही, फक्त माझं. मग मास्तरकाकांकडे जाणार. वाक्यही तयार आहे. पाठ केलंय, शाळेत करायचो तसं. नऊ वर्षांत पहिल्यांदा वाटतंय की उद्या मान वर करता येईल.

बाबा सकाळी निघणार. मास्तरकाकांच्या शेजारी, दुसऱ्या तिकिटावर.

२८ फेब्रुवारी

सामना संपला. मी बोलायला उठले, तोच टीव्हीवर त्याने माईक हातात घेतला. म्हणाला, "नऊ वर्षांपूर्वी त्या फायनलला माझा पाय मोडलेला होता. हरल्यावर सबब सांगायची नव्हती, म्हणून बोललो नाही. पण एका ताईंना माहीत होतं. त्यांनी एक्स-रे काढला होता. लोक मला काय काय म्हणत होते, तेव्हा त्या सहज बोलू शकल्या असत्या. त्या एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांचं नावही मला माहीत नाही. आज टाळ्या त्यांच्यासाठी वाजवा."

अख्खं स्टेडियम उभं राहिलं. घरातले सगळे माझ्याकडे वळले. दादा म्हणाला, "तेव्हा एक्स-रेला बाई तू एकटीच होतीस ना गं?" आणि त्याचे डोळे भरून आले. "म्हणून तेव्हा थट्टा करून विषय उडवलास होय!" म्हणत वकील उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, मग सगळेच. पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. मी मान खाली घातली.

वहिनी म्हणाली, "बघा, लाजली."