उजेडानंतरची दोन मिनिटं

१७ मार्च, मंगळवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचून झाल्यावर ते नकोसं वाटलं तर खुशाल टाकून दे.

इकडे सगळं बरं म्हणायचं. ती उल्का फुटून पाच आठवडे झाले, तरी काचवाल्याला अजून उसंत नाही. निम्म्या गल्लीच्या खिडक्यांना प्लॅस्टिकच आहे. आपल्याकडे परवा काच बसली. शिवणकाम मी पुन्हा सुरू केलंय, फक्त आई करायची ती काज-बटणं आता बाहेर द्यावी लागतात. आईचा उजवा डोळा गेला तो गेलाच. डाव्याने अंधुक दिसतं.

रविवारी टीव्हीवर तुझी मुलाखत लागली होती. छान बोललास. दगड ट्रकएवढा होता, सूर्याच्या बाजूने आला म्हणून दुर्बिणींना दिसला नाही, बराच वर फुटला, जीवितहानी नाही. जीवितहानी नाही! आई माझ्या शेजारीच बसली होती. इतकी वर्षं तू आभाळावर पहारा करतोस, आणि नेमका आमच्या डोक्यावर आला तोच तुला दिसू नये? हे तुला एकदा सुनावायचंच होतं. सुनावलं. बरं वाटेल असं वाटलं होतं.

मग त्या मुलाखतवाल्या बाईने विचारलं, अशा वेळी लोकांनी काय करावं? तू म्हणालास, "झगझगीत उजेड दिसला की आधी खिडकीपासून लांब व्हायचं. हादरा मागून येतो, कधी दोन मिनिटांनीसुद्धा. मी तर घरी..." आणि थांबलास.

आई म्हणाली, "घरी काय? काय म्हणणार होता गं तो?"

फोनवर हे माझ्याने बोलवणार नाही, म्हणून लिहितेय.

उल्का फुटली त्याच्या आदल्या संध्याकाळी आपलं भांडण झालं होतं. आईला काही महिने तुझ्याकडे ने म्हटलं, तर तुझ्या कामाच्या वेळा आड आल्या. मी म्हटलं, तुझा दगड पडायचा तेव्हा पडेल, मी इथे रोज पिचतेय. तू फोन आपटलास.

सकाळी मी मशीनवर होते. खोली अशी उजळली की हातातल्या कापडाचा रंग दिसेना. पाठोपाठ फोन वाजला. पडद्यावर तुझं नाव. मी फोन उलटा करून कापडाखाली सरकवला. पुन्हा वाजला.

"कुणाचा गं?" आई म्हणाली.

"कुणाचा नाही, जाहिरातवाल्यांचा."

तिसऱ्यांदा वाजला तोवर ती खिडकीशी गेली होती. "अगं, ये तरी! केवढी धुराची रेघ उठलीय!" मी मान वर न करता म्हटलं, "बघ तू."

मग खिडकी आत आली.

दवाखान्यात तू आईला सांगत होतास की तिकडे उजेड दिसताच फोन केला होता, तीनदा. तिने पट्ट्या बांधलेलं तोंड माझ्याकडे वळवलं. मी म्हटलं, "मला तर नाही आला." तुझ्यासमोर म्हटलं. ती तुला म्हणाली, "निदान खोटं तरी बोलू नकोस." तू माझ्याकडे बघितलंस आणि गप्प राहिलास. त्या गप्प राहण्याचा मला भांडणाहून जास्त राग आला. तू भला ठरत होतास, आणि ते माझ्या एकटीलाच ठाऊक होतं.

रविवारी मी आईला सगळं सांगून टाकलं. ती म्हणाली, "तो काय सांगायला फोन करतोय, हे माहीत होतं तुला?"

"नाही गं. शप्पथ नाही."

"आणि दवाखान्यात?"



तेव्हापासून ती माझ्या हातून डोळ्यात थेंब घालून घेत नाही. स्वतः चाचपडत घालते, निम्मे उशीवर सांडतात. डॉक्टर म्हणतात, असंच चाललं तर डावाही जाईल. काल म्हणाली, "त्याला बोलाव. मी त्याच्याकडे राहीन."

शनिवारी ये. तिचं सामान बांधून ठेवलंय. तू येशील तेव्हा मी घरात नसावं, असं तिचं म्हणणं आहे, तेव्हा मी नसेन. थेंब दिवसातून चार वेळा, बाटली हलवून. जिना उतरताना तिच्या उजव्या बाजूला राहा, तिथला कठडा तिला कळत नाही.

माफ कर असं कुठे लिहिलं नाही. तू करशील, आणि ते मला सोसणार नाही.

ताई