इथे कुणी राहत नाही

४ ऑक्टोबर

पुण्याहून संपादकांचा निरोप. 'जावा बेटावरच्या एखाद्या अप्रसिद्ध खेड्याची ओळख करून द्या. आठशे शब्द. जरा रम्य असू द्या.' रम्य! हे वाचलं तेव्हा मी पलंगावर पाय वर घेऊन बसलो होतो, कारण खाली घोटाभर समुद्र होता. पलंगाखालून एक कोळंबी गेली. तिला काही घाई नव्हती.

ओळख करून द्यायची तर गाव आधी पुरेसं उरलेलं हवं. तम्बाकवुलन पूर्वी भाताचं गाव होतं म्हणतात. मग शेतांची मासळीची तळी झाली, मग तळ्यांचा समुद्र झाला. रस्ता गेला, शाळा गेली. लोकांनी दर दोन-तीन वर्षांनी भर टाकून घरातली जमीन उचलली. छप्पर मात्र होतं तिथेच. त्यामुळे आता खिडक्या गुडघ्याशी आल्या आहेत आणि दारातून आत शिरताना प्रत्येकाला कमरेत वाकावं लागतं. विद्येने विनय येतो असं आम्हाला पाठशाळेत घोकायला लावलं. खारं पाणी हे काम अधिक लवकर करतं.

६ ऑक्टोबर

सरकारी माणूस होडीतून आला. हमरस्त्यापलीकडे नवी वसाहत तयार आहे, पश्चिमेचा वारा सुटायच्या आत सगळ्यांनी निघायचं. 'सगळ्यांनी' म्हणजे आम्ही तिघं आणि होडीवाला जामरोनी. बाकीचे केव्हाच गेले.

सासूबाई — इथे आईला 'माक' म्हणतात, मीही माकच म्हणतो — दारात कमरेवर हात ठेवून उभ्या. म्हणजे वाकूनच उभ्या.

'बाई, मागची भिंत सुटलीय. वारा आला की घर पडणार.'

'पडू दे. मला पोहता येतं. तुला येतं का?'

त्याला येत नव्हतं. चहा पिऊन गेला.

तो गेल्यावर माझी बायको कास्मिनी माझ्याकडे बघत राहिली. कास्मिनीचा खोकला ओलीने वाढतो आहे. डॉक्टर म्हणाला होता, औषध देतो पण घर बदला. आई निघाल्याशिवाय ती निघणार नाही. आणि आई तिचा मुलगा रसिदी आल्याशिवाय निघणार नाही.

७ ऑक्टोबर

रसिदीबद्दल एकदा लिहून टाकतो. उगाच रोज थोडं थोडं नको.

कास्मिनीचा धाकटा भाऊ. बापाची होडी विकून दलालाला पैसे दिले आणि परदेशी मच्छीमार जहाजावर गेला. निघाला त्या सकाळी माक उंबऱ्यावर उभी राहून म्हणाली, 'होडी विकलीस. आता गेलास तर हे घरही तुझं नाही.' मी तिथेच होतो. तो हसला, पिशवी उचलली, गेला. मग दलालाचा फोन — वादळात डेकवरून पडला. प्रेत नाही, कपडे नाहीत, काही नाही.

गावाने त्याला मेलेला धरलं. माकने धरलं नाही. दिवसकार्याचं जेवण घातलं नाही, दुवा मागू दिली नाही. त्याऐवजी दिवा लावला. इथली रीत अशी — मुलगा जन्मला की त्याची वार बोळक्यात घालून दाराच्या उजव्या अंगाला पुरतात आणि वर काही दिवस दिवा ठेवतात. वार म्हणजे बाळाचं भावंडच. भावंड जिथे, तिथे माणूस फिरून येतो. माकने मुलाच्या तिसाव्या वर्षी पुन्हा त्याच्या बाळंतपणाचा दिवा लावला! वार आता किती हात भरावाखाली आहे कोण जाणे. वर पाणी, पाण्यावर टांगलेला दिवा. भरतीच्या वेळी ज्योती दोन दिसतात. वरची कोणती ते क्षणभर कळत नाही.

'दुःख' हा शब्द या लोकांनी आपल्याकडून घेतला आणि 'दुका' केला. विसर्ग पाण्यात पडला असावा.

१० ऑक्टोबर

लेख सुरू केला. 'निळ्याशार पाण्याच्या कुशीत...' खोडलं. पाणी राखाडी आहे आणि कूस तर मुळीच नाही.

१२ ऑक्टोबर

संपादकांनी पाठवलेल्या अंकांचं पार्सल पुण्याला परत गेलं! आज शहरातल्या टपाल कचेरीत कळलं. पोस्टमन बिचारा भाड्याची होडी करून संध्याकाळी आला होता, माझं नाव घेऊन ओरडला, आणि आतून उत्तर आलं — 'इथे कुणी राहत नाही.'

उत्तर देणारा जामरोनी. मी जाब विचारला.

'तिन्हीसांजेला पाण्यावरून हाक आली, वर्तावान. मी काय करणार?' बातमीदाराला इथे वर्तावान म्हणतात. जामरोनी तो शब्द असा उच्चारतो की मला माझीच कीव येते.

'अरे, पोस्टमन होता तो!'

'पोस्टमनचा आवाज होता. पोस्टमन होता की नाही, ते तुम्हाला काय ठाऊक?'

याला तोड नाही. हा इथला जुनाच कायदा. बुडालेले लोक तिन्हीसांजेला ओळखीचे आवाज घेऊन येतात. बघायचं नाही, नाव घ्यायचं नाही. उत्तर एकच — इथे कुणी राहत नाही. मग ते निमूट जातात. मृतांना उद्धटपणा चालत नाही, पण पत्ता चुकलेला चालतो.

हसलो. पण खरं सांगायचं तर मीही हे उत्तर दिलेलं आहे. एकदा नाही. पाण्यावर धुकं असतं, तिवरांची मुळं बोटांसारखी वर आलेली असतात, आणि कुणीतरी अगदी ओळखीच्या सुरात हाक मारतं. त्या वेळी माणूस पाठशाळेतला राहत नाही.

१५ ऑक्टोबर

मागच्या भिंतीच्या विटा काल दोन पडल्या, आज पाच-सहा. कास्मिनी खोकली तेव्हा रुमालावर लाल दिसलं. तिने मुठीत लपवलं. मी पाहिलं नाही असं दाखवलं. माकनेही पाहिलं नाही असं दाखवलं. तिघेही फार सभ्य.

१६ ऑक्टोबर

कास्मिनी माकला म्हणाली, 'रसिदीची वारच बरोबर नेली तर? नव्या घराच्या दाराशी पुरू. दिवाही तिथेच लावू.'

माकने हातातला मासा साफ करून बाजूला ठेवला. मग — 'वार हलवली तर तो तिकडे येईल?'

'येईलच ना. भावंड जिथे...'

'मग काढा,' माक म्हणाली. इतकं सोपं होतं!

१७ ऑक्टोबर

सोपं नव्हतं. ओहोटीला जामरोनी दाराच्या उजव्या अंगाला खणत बसला. एक थर मुरमाचा, एक विटांचा, एक शिंपल्यांचा, एक कुठल्या तरी पडक्या मशिदीच्या फरशीचा. आमचा सगळा इतिहास. प्रत्येक थर खणला की पाणी भरतं. बोळकं नाही.

माक आतून विचारते, 'लागलं का?'

जामरोनी म्हणतो, 'लागतंय, माक, लागतंय!' आणि माझ्याकडे बघून मान हलवतो.

१८ ऑक्टोबर

कास्मिनी बाजारातून नवं बोळकं घेऊन आली. जामरोनीने ते खाडीच्या चिखलात दाबून ठेवलं. उद्या 'सापडेल.'

मी म्हटलं, 'हे बरं नाही.'

कास्मिनी म्हणाली, 'बरं काय आहे ते सांग. ते करू.'



१९ ऑक्टोबर

सापडलं. माकने दोन्ही हातांत घेतलं. चिखल पुसला नाही, वासच घेतला. मग माझ्याकडे वळली. मी पाठशाळेत शिकलो हे कळल्यापासून ती मला गुरूच म्हणते. 'गुरू, तुमच्या त्या जुन्या भाषेतलं काहीतरी म्हणा. मौलवी फातिहा म्हणतीलच. पण वारेला जुनी भाषा कळते.'

मला एकही योग्य मंत्र आठवेना. म्हणजे आठवले, पण खोट्या बोळक्यावर खरा मंत्र म्हणायला जीभ उचलेना. शेवटी डोळे मिटून गंभीरपणे 'नदी' शब्द चालवला. नदी, नद्यौ, नद्यः. सातही विभक्त्या, संबोधनासकट. माक रडली. जामरोनी 'आमीन' म्हणाला.

माकने बोळकं तान्ह्या मुलाला बांधतात तसं ओढणीत छातीशी बांधलं आणि स्वतःहून होडीत जाऊन बसली. मागे वळून पाहिलं नाही. आम्हीच पाहिलं.

२४ ऑक्टोबर

नवं घर. सिमेंटची जमीन, कोरडी. रात्री पाण्याचा आवाज नाही, म्हणून झोप नाही. दारातून मी अजून वाकूनच आत जातो. शेजारी समजतात परदेशी रिवाज असेल.

दाराच्या उजव्या अंगाला बोळकं पुरलं, दिवा लावला. माक खूश आहे. खरोखर खूश! शेजारणींना सांगते, 'माझा मुलगा येणार आहे. आता त्याला पाणी ओलांडावं लागणार नाही.' शेजारणी एकमेकींकडे बघतात आणि तिला आंबवलेल्या सोयाबीनचे टेम्पे तळून आणून देतात. कास्मिनीचा खोकला कमी आहे. काल भात वाढताना गुणगुणत होती.

मला वाटलं होतं मला लाज वाटेल. वाटत नाही. असत्याचं फळ इतकं गोड असेल असं कोणत्याही शास्त्रात वाचलेलं नव्हतं.

२७ ऑक्टोबर

लेखाचे पाचशे शब्द झाले. संपादक म्हणतात, भुतं नकोत, पाककृती चालेल.

२ नोव्हेंबर

जुन्या घराची सागवानी दारं आणायला गेलो. वारा दिवसभर पश्चिमेचा. माकने हट्टच धरला, 'माझ्या लग्नातली दारं आहेत, तुम्ही आपटाल.' म्हणून ती आणि कास्मिनीही आल्या. जामरोनी बिजागऱ्या काढत होता, माझ्या हातात हातोडी होती — म्हणजे मी काहीच करत नव्हतो. उशीर झाला. सूर्य गेला. तिवरांच्या मागे धुकं उतरलं.

आणि पाण्यावरून हाक आली.

'माऽक!'

जामरोनीचा हात थांबला. कास्मिनीने तोंडावर ओढणी घेतली. तो आवाज मी ओळखला, ती ओळखणार नाही का! थोडा जाडावलेला, पण शेवटचा सूर वर नेण्याची तीच तऱ्हा.

'माऽक! घरी आहेस का?'

मी माककडे पाहिलं. वाटलं होतं ती धावेल, पाण्यात उडी टाकेल. ती बसली होती तशीच बसून राहिली. चेहरा शांत. मला हळूच म्हणाली, 'माझा मुलगा इकडे कशाला येईल? त्याचं भावंड तर आता तिकडे आहे. हे ते दुसरं.' आणि मग, पोस्टमनला द्यावं तसं, स्पष्ट खणखणीत आवाजात —

'इथे कुणी राहत नाही!'

पलीकडे काहीच नाही. वारा. मग इंजिन सुरू झाल्याचा आवाज. तो दूर गेला.

परतताना मी जामरोनीला हळूच विचारलं, 'भुतांना इंजिन असतं?'

'आता सगळ्यांनीच घेतलीत, वर्तावान. हप्त्यावर.' पण तो हसला नाही.

३ नोव्हेंबर

कास्मिनी बोलत नाही. माक मात्र बोलते आहे — काल कसं आलं, कसा हुबेहूब आवाज काढला, आपण कसे फसलो नाही. शेजारणींना दोनदा सांगून झालं.

मीच स्वतःला समजावतो आहे. धुक्यात आवाज वाकतात. पलीकडच्या खाजणात कोळी असतात, त्यांनाही आया असतात. सगळं पटतं. लेखात एक ओळ घातली, 'इथले लोक अजून संध्याकाळच्या हाकेला उत्तर देत नाहीत.' खोडली. उत्तर देतात.

४ नोव्हेंबर

आठशे शब्द पूर्ण. पाठवला नाही.

५ नोव्हेंबर

सकाळी जामरोनी आला. अंगणातच उभा राहिला, आत येईना. शहरातल्या धक्क्यावरचा एक होडीवाला त्याला भेटला होता. आम्ही दारं आणायला गेलो त्याच दिवशी दुपारच्या बसने एक माणूस उतरला, हाताला भाजल्याच्या खुणा, पिशवी एकच. कुठल्याशा परदेशी तुरुंगातून सुटून आलोय म्हणाला. तम्बाकवुलनला चल म्हणाला. होडीवाल्याने सांगितलं, गाव उठलंय. तर म्हणाला, 'आमची म्हातारी उठणार नाही.'

हाक मारली. उत्तर ऐकलं. होडीवाला म्हणाला, जवळ नेऊ का, या वेळी लोक असंच बोलतात. तर तो हसला. म्हणाला, 'नको. आवाज तिचाच होता. जाताना तिने सांगितलंच होतं.' रात्रीच्या बसने गेला. कुठे ते कुणालाच ठाऊक नाही.

'कोण आलंय?' माकने आतून विचारलं. दाराचा दिवा आत घेऊन त्यात तेल घालत होती.

मी म्हटलं, 'कुणी नाही.'