हलका बार

दि. ४ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं सुट्या भागांचं दुकान बरं चाललं असेल. एक काम आहे. माझा उजवा खांदा गेले काही महिने कुरकुरतोय. करवत उचलली की कळ थेट कोपरापर्यंत जाते. ती चेनसॉ करवत नवी घेणं जमणार नाही, पण पुढचा बार, म्हणजे चेन जिच्यावरून फिरते ती लांब पट्टी, हलका मिळतो म्हणे. दोन-चार तोलून बघ. लांबी मात्र आहे तेवढीच हवी.

रस्त्याकडेची जाड खोडं आमच्या टोळीत मीच पाडते. टोळीतल्याच लंबूचा त्या जागेवर डोळा आहे. साहेबांना खांद्याचा सुगावा लागला तर मला फांद्या छाटायला लावतील, आणि ते मला सोसायचं नाही. आईला काही कळू देऊ नकोस.

तुझी,
ताई

दि. ११ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तोंडाला कुलूप लावलंय. तीन बार काट्यावर ठेवले, तर बायकोने विचारलं की लोखंड तोलून त्याची भाजी करायचा बेत आहे का.

तुझा सध्याचा बार भरीव, सगळ्यांत जड. त्याच लांबीचा एक पोकळ बार आहे. दोन पातळ पत्रे, मधे पोकळी. साडेतीनशे ग्रॅमनी हलका, आणि वजन पुढच्या टोकाचंच कमी होत असल्याने हाताला फरक लगेच कळतो. तिसरा भरीवच, पण आखूड. त्याला चेनही आखूड लागते, म्हणून तो सगळ्यांत हलका. माझं मत आखूडला.

पोकळ घेतलास तर बाबांनी लावलेली खोड सोड. कापात बार पिळून झाड सुटतंय का ते बघतेस ना, तसं केलंस तर हा वाकेल आणि तिथेच अडकून बसेल. तू कुणाचं ऐकणार नाहीस हे माहीत असल्याने लांब पोकळच पाठवतोय. पण मन मानत नाही, ताई.

तुझा,
धाकटा

दि. २९ मार्च

ती. ताईस,
सा. न.

बार मिळाल्याचं पत्र नाही. आज मालाच्या गाडीचा ड्रायव्हर सांगून गेला की तुमच्या टोळीतली एक करवत झाडाखाली चिरडली. कुणाची, आणि चालवणाऱ्याचं काय झालं, ते त्याला ठाऊक नव्हतं. आईसमोर उगाच हसत बसलोय. दोन ओळी खरड, नाहीतर मीच निघतो.

धाकटा

दि. २ एप्रिल

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मी धडधाकट आहे. करवत माझीच होती.

नवा बार इतका हलका की पहिले काही दिवस मी हवेतच होते. मग वळणावरचं कललेलं झाड आलं. कापत आणलं आणि सवयीने मनगट पिळलं. तुझं पत्र आठवलं तोवर बार वाकून अडकला होता. वर कडकड सुरू झाली. आजवर अशा वेळी मी करवत ओढून काढत आले आहे. तशीच ओढायला गेले, तर खांद्यातून अशी कळ आली की हातच खाली पडला. मग सगळं टाकून पळाले. झाड फिरलं आणि मी उभी होते नेमकं तिथेच आदळलं. खांदा धड असता तर मी तिथेच ओढत राहिले असते. मला फार भीती वाटली रे. अजून वाटते.

तू स्वतःला बोल लावून घेऊ नकोस. साहेबांना खांद्याचं मीच सांगितलं. जाड खोडं आता लंबू पाडतो, आणि मेला लगेच छाती काढून चालायला लागलाय. मी घरी येऊन रडले, खोटं कशाला सांगू. साहेब दुसरी करवत देतायत, तिला बसेल असा आखूड बार पाठव. आईला मी स्वतः येऊन सांगेन.

जाड झाडं न पाडणाऱ्या ताईवरही तुझा लोभ तेवढाच राहू दे.

तुझी,
ताई