पौर्णिमेची मोजणी

सापळाठाणं, २५ नोव्हेंबर २००७

ती. बांना थुयचा सा. न.

दिव्याच्या सापळ्यात परवा सकाळी नऊ हजार तुडतुडे होते, काल साडेतीन हजार, आज नऊशे. दोनदा मोजले. कोवळ्या भातावर लाट आली की रोग लागतो, म्हणून जीव टांगणीला होता. साहेब म्हणाले, लाट ओसरली, आणि पेरणीच्या चिठ्ठीवर माझी सही घेतली. उद्यापासून पेरा. रोपं थापटून पाण्यावर पडलेले किडे मोजायला तुम्हीच शिकवलंत, म्हणून आधी तुम्हाला कळवलं. पाठ शेकत जा.

तुमच्या मायेतली,
थुय

घर, २७ नोव्हेंबर

चि. थुयला बाचे अ. उ. आ.

गावच्या कर्ण्यावर चिठ्ठीखालचं तुझं नाव ऐकलं आणि माझ्या हातची पेज सांडली. चाळीस घरांनी पेरलं, पहिला मी. उत आत्या म्हणते, किडे मोजणारीला नवराही मोजूनच द्यावा लागेल. बी तिनेच अंगणात बसून निवडलं. पौर्णिमेला चांदणं इतकं लख्ख, की तिने दिवाही लावला नाही. वेळेवर जेव.

तुझा,
बा

सापळाठाणं, १ डिसेंबर

ती. बांना सा. न.

आत्याच्या चांदण्याचं वाचलं आणि वही उघडली. चंद्र लख्ख असला की तुडतुडे दिव्याकडे येत नाहीत. लाट गेलीच नव्हती. आज अकरा हजार निघाले. त्या दिवशी मी पौर्णिमेचं शाकाहारी जेवले, उदबत्ती लावली, आणि वहीतला चंद्राचा रकाना कोरा ठेवला. साहेब म्हणाले, चूक सगळ्यांची, तुझं नाव नको. मी नाव घालूनच कर्ण्यावर कळवलं आहे. रोज संध्याकाळी शेंडे तेवढे वर राहतील इतकं पाणी चढवा, म्हणजे तुडतुड्यांना बसायला जागा उरणार नाही. चाळीस घरांना तोंड कसं दाखवू?

तुमची अपराधी,
थुय

घर, २४ डिसेंबर

चि. थुयला बाचे अ. उ. आ.

ज्यांच्या रानात पाणी टिकलं, त्यांचं भात हिरवं आहे. सहा घरांचं पिवळं पडून खुरटलं. त्यात आपलंही. आपलं रान उंच, पाणी टिकत नाही. रोग पसरू नये म्हणून काल मीच पहिला नांगर घातला. शेजारचे बाय मामा बांधावर आले. त्यांचंही गेलंय. म्हणाले, "पुढची तारीख तुझ्या लेकीलाच विचार. ती चूक लपवत नाही."

टेटला, नव्या वर्षाच्या सणाला, ये. उरलेल्या घरांची रोपं थापटून किडे मोजायचे आहेत, माझी पाठ वाकत नाही. आम्हा सहा जणांना पुन्हा पेरायचंय. तारीख कळव, आणि शेजारी चंद्र लिही.

तुझी वाट बघणारा,
बा