जळाला नाही तो खडा

प्रिय दिलीप,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलं, फार अर्थ काढू नकोस. तुला जाऊन वर्ष होत आलं. काल तुझ्या रेवतीने प्रबंधाचं पहिलं पान मला वाचून दाखवलं. ‘बाबांना अर्पण.’ मी म्हटलं, “खोड ते!” तिने ते पान तसंच ठेवून पुढचं उलटलं. माझा राग मात्र गप्प बसेना, म्हणून तुला लिहिते आहे.

पारोळ्याच्या मळ्यातली ती भरीत पार्टी आठवते? पोरगी आपल्या संशोधनाबद्दल हौसेने सांगत होती, की स्फटिकावर जोरदार लेझर टाकला तर त्यातून कितीतरी पट जास्त कंपनांचा, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश निघतो. आणि तू? जळगावच्या दुकानात दागिने जोडायचं लेझर मशीन काय घेतलंस, शास्त्रज्ञच झालास! कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांच्या जाळात वांगी उलटवत म्हणालास, “मन्हा लेझर सोनानं पानी करस. तुन्हा खडाना राखोंडा व्हई जाई, पोरी!”

सगळे हसले. तिला बघायला आलेले पाहुणेसुद्धा.

अरे, घरात फिजिक्स शिकलेली बहीण होती. विचारायचंस! तिच्या लेझरचा झोत इतका क्षणिक, की खड्याला तापायला सवडच मिळत नाही. तेवढ्यात आतले इलेक्ट्रॉन जागचे उठतात, इकडेतिकडे खेचले जातात, आणि त्या ओढाताणीत तो नवा प्रकाश सुटतो. जोर फाजील झाला तर खडा फुटतोही. कुठे थांबायचं, हे तिला कळतं. तुला कधी कळलं?

तिने संशोधन सोडलं नाही, म्हणून त्यानंतर तू तिच्याशी बोललाच नाहीस. गावभर सांगितलंस, पोरगी बँकेत आहे! लाज कसली वाटत होती रे? शेवटच्या आजारात दवाखान्यात ती उशाशी बसली, तर भिंतीकडे तोंड फिरवलंस. मी दारातच उभी होते.

हे सगळं काल तिला ऐकवलं. शांतपणे म्हणाली, “आत्या, काम माझं आहे. नाव कुणाचं घालायचं ते मी ठरवणार.”

हे तुला सुनावायचं सोडून मला सुनावलं!

असो. नाव राहील. तिच्या तोंडी परीक्षेला मी पहिल्या रांगेत बसणार आहे. तिथे कुणी म्हणालं, ‘आज वडील असते तर किती अभिमान वाटला असता,’ तर मी मान डोलावणार नाही. एवढं वचन देते.

तुझी,
अक्का