रेषा त्यांची, छटा माझी

३ जून
आले एकदाची, चित्रकार सरांकडे मदतनीस म्हणून! खोली छोटी, पण खिडकी उत्तरेला. चित्र काढणाऱ्याला आणखी काय हवं? शाळेत सात वर्षं पोरांच्या वह्यांवर 'छान' लिहून डोकं आंबलं होतं. ताईला फोन केला, तर म्हणाली, एवढ्या मोठ्या माणसाकडे तोंड जरा आवरून राहा. बघू.

सरांनी मोठं चित्र दाखवलं. त्यांच्या दिवंगत आईचा चेहरा, नुसत्या कोळशात. कपाळापासून हनुवटीपर्यंत रेषा एकदाही उचललेली नाही; नाकाशी दाबलेली, जबड्याशी इतकी हलकी की श्वास रोखून बघावं. केस भरलेत, गाल कोरे. इथली पद्धत अशी, की रेषा सरांची, छटा मदतनिसाने भरायची. फडकं, कापूस काही नाही. उघड्या बोटाने घासायची.

घरकाम करणाऱ्या मावशींच्या हातून कप निसटला. आठवड्यातला तिसरा म्हणे. सर माझ्यादेखत केवढे ओरडले! तोंड आवरलं.

९ जून
डावा गाल झाला. डोळ्याखाली गडद, मग राखी, उंचवट्यावर कागदाचा पांढरा तसाच राखला. पोत असा उतरलाय की हात लावला तर ऊब लागेल. पाहुण्यांना सर म्हणाले, ही छटा साधायला त्यांना चाळीस वर्षं लागली. त्यांना! मी शेजारी काळ्या बोटांनी उभी. नंतर म्हटलं, खाली माझंही नाव घाला. हसून म्हणाले, घरावर गवंड्याचं नाव लिहितात का? रागाने जेवण गेलं नाही.

१४ जून
फोन बोटाने उघडेना. चहाचा कप हातातून सटकला. उजव्या हाताची बोटं उन्हात धरली. गुळगुळीत. एक रेघ नाही.

भिंग घेऊन गाल पाहिला. ज्या पोताचं मी एवढं कौतुक केलं, ते बोटांचे ठसे आहेत. एकाला एक लागून. माझे.

मग केसांतले कुणाचे?

१५ जून
मावशींचे. आज त्यांनी हात उलटे करून दाखवले. दहाही बोटं कोरी. त्याही चित्रकार होत्या. आता पेन्सिल धरवत नाही. म्हणाल्या, सरांनी वरून फवारा मारला की छटा पक्की होते, मग काही परत मिळत नाही. मी भरलेल्या गालावर उद्या दुपारी मारणार आहेत. आधी का नाही सांगितलंत म्हणून मी त्यांच्यावरच खेकसले. त्या म्हणाल्या, कौतुक चाललं होतं तुझं, ऐकलं असतंस?

नसतं ऐकलं. त्याचाच जास्त राग येतोय.

१६ जून, सकाळ
परत घेणार. बोटं माझी आहेत, कुणाच्या बापाची नाहीत.

१६ जून, दुपार
डाव्या हाताने लिहितेय. उजवा चित्रातल्या गालावर आहे. टेकवला, खरखर लागली, माझीच — आता सुटत नाही. गाल ऊबदार. मी ओढते तशी ती बाई पुढे —

मावशींना हाका मारल्या. दारात उभ्या राहून रडतायत नुसत्या.

सर आले. बाटली हलवतायत. शिव्या घातल्या, सात वर्षं साठलेल्या. ऐकतच नाहीत. मान तिरकी करून बघतायत. म्हणाले, गालावर हात हवाच होता, राहू दे.

मनगट कोळशाचं झालं —

फवारा. गार.

कोपऱ्यात सही करायला वाकलाय, नालायक. नाही. डावा हात अजून माझा आहे. त्याच्या सहीवर मोठ्ठं लिहिणार, माझं ना—